डॉ. रखमाबाई : स्त्रियांच्या धर्मार्थ रुग्णालयाच्या कारभारीण

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या थोर व्यक्तीचें चरित्र द्यावें, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. वाचकांनीं तें स्वतः वाचावें, घरांतील मुलाबाळांना वाचून दाखवावें आणि त्यांतून कांहीं बोध घ्यावा, एवढाच त्यामागील हेतु. यंदां आम्हीं ज्यांचें चरित्र निवडलें आहे त्या बाई आपल्या धर्माच्या नव्हत्या. त्यांनीं कोणता पंथ स्थापन केला नाहीं कीं मोठा ग्रंथ लिहिला नाहीं. त्या एक डॉक्टर होत्या, आणि सुमारें ३५ वर्षें त्यांनीं स्त्रियांचीं रुग्णालयें चालविलीं. त्यांचें नांव डॉ. रखमाबाई. महाराष्ट्रांत हें नांव बहुतेकांस ठाऊक आहे तें एका खटल्यामुळें. परंतु तो खटला चार वर्षांत संपला. त्यानंतरचें त्यांचें जें खरें जीवितकार्य, त्याची माहिती थोड्यांनाच असते. त्या कार्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

याला कारणहि आहे. दहा माणसें एकत्र आलीं, थोडा निधि जमला, कीं गोरगरीब स्त्रियांसाठीं एक मोफत दवाखाना काढावा, हा विचार पुष्कळ ठिकाणीं निघतो. इमारत उभी राहते, औषधें येतात, उद्घाटनाचा नारळ फुटतो. आणि वर्षभरांत असें दिसतें कीं, ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप केला त्या स्त्रिया दाराशीं येतच नाहींत. मग देणाऱ्यांस वाटतें, लोकच अडाणी. आणि लोकांस वाटतें, फुकटचें औषध तें कसलें. खडकवासल्याच्या रहिवाशांना यांतील मर्म समजावून सांगावयास लांब जावयास नको. मुठा नदीला बांध घालून पाणी अडविलें, तेवढ्यानें पुण्याची तहान भागली नाहीं कीं एकहि शेत भिजलें नाहीं. कालवा खणावा लागला, दरवाजे बसवावे लागले, पाणी केव्हां व कोणाकडे जाईल याचा हिशेब ठेवावा लागला, आणि कालव्यावर लक्ष ठेवणारीं माणसें नेमावीं लागलीं. दानाचेंहि तसेंच आहे. दान म्हणजे अडविलेलें पाणी. व्यवस्था म्हणजे कालवा. रखमाबाईंचें आयुष्य या कालव्याच्या कामांत गेलें.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईस झाला. वडिलांचें नांव जनार्दन पांडुरंग, आईचें जयंतीबाई, ज्ञाति सुताराची. मुलगी अगदीं लहान असतांनाच वडील वारले, आणि सतराव्या वर्षीं जयंतीबाईंस वैधव्य आलें. त्यांच्या ज्ञातींत विधवेच्या पुनर्विवाहास मोकळीक होती. कांहीं वर्षांनीं त्यांनीं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं विवाह केला. हे डॉक्टर मुंबईंतील नामांकित गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ सालीं मुंबईस जी निसर्गेतिहास-संस्था निघाली तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा घरांत वाढल्यामुळें औषधें, रोगी आणि पुस्तकें या मुलीच्या नित्य परिचयाचीं झालीं असल्यास नवल नाहीं.

वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशीं झालें. लग्नानंतर त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत. आईच्या व सावत्र वडिलांच्या घरींच राहून त्यांनीं आपलें शिक्षण चालू ठेविलें. पुढें पतीकडून बोलावणें आलें तेव्हां त्यांनीं जाण्याचें नाकारलें. अजाण वयांत, आपली संमति न घेतां झालेलें लग्न आपल्यावर बंधनकारक होऊं शकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. दादाजींनीं १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. १८८६ सालीं अपिलांत तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, एका महिन्याच्या आंत पतीच्या घरीं जावें, न गेल्यास सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. त्या वेळीं त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें.

साऱ्या देशांत या प्रकरणानें खळबळ उडाली. पुण्याच्या केसरीनें त्यांच्या विरुद्ध लिहिलें, सुधारक मंडळींनीं त्यांची बाजू घेतली, आणि विलायतेंतील वर्तमानपत्रांतूनहि चर्चा झाली. याच सुमारास, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचा क्षयानें अंत झाला. अमेरिकेंत जाऊन वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीची कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती. पण त्या कामास हात लावण्यापूर्वींच त्या गेल्या. त्यानंतर आठवडाभरांत मुंबईस रखमाबाईंविरुद्ध वरील हुकूम सुटला. जिनें हें अपुरें राहिलेलें काम पुढें न्यावयाचें, तिच्यापुढें त्या घटकेस तुरुंगाचें दार उघडें होतें. अखेर जुलै १८८८ मध्यें तडजोड झाली. रखमाबाईंनीं दादाजींस दोन हजार रुपये द्यावे, आणि दादाजींनीं हुकुमाची अंमलबजावणी मागूं नये, असें ठरलें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचें वय दहावरून बारावर नेण्यांत आलें. त्या कायद्यास अनुकूल वातावरण तयार होण्यास या खटल्याचा मोठा हातभार लागला.

आतां मुंबईंत स्त्रियांच्या औषधोपचाराची कशी स्थिति होती तें पाहूं. पुष्कळ घरांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरास हात लावूं देत नसत. दुखणें तिसऱ्याच माणसाच्या तोंडून सांगितलें जाई, आणि औषध अंदाजानें दिलें जाई. या स्थितीला उतारा म्हणून जॉर्ज किट्रेज या अमेरिकन व्यापाऱ्यानें आणि सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीं फंड जमविला. त्यांनीं केवळ पैसा जमवून हात झटकले नाहींत. विलायतेहून शिकलेल्या स्त्री डॉक्टर आणावयाच्या, रुग्णालय स्त्रियांच्याच हातीं सोंपवावयाचें, आणि इमारत पुरी होईपर्यंत थांबून न राहतां तात्पुरत्या जागेंत दवाखाना चालू करावयाचा, असा त्यांनीं सांगोपांग विचार केला. डॉ. एडिथ पीची या बाई १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीनें उभारलेलें कामा रुग्णालय १८८६ सालीं उघडलें. पीचीबाईंनीं परिचारिकांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविलें, आणि स्त्री डॉक्टरांस पुरुषांच्या बरोबरीचें वेतन मिळावें म्हणून आग्रह धरिला. रखमाबाईंस डॉक्टर होण्यास उत्तेजन देणाऱ्यांत याच बाई प्रमुख होत्या.

१८८९ सालीं रखमाबाई विलायतेस गेल्या आणि स्त्रियांसाठीं असलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या. तेथें त्यांना ज्या कुटुंबाचा आधार मिळाला तें वॉल्टर व ईव्हा मॅक्लॅरेन यांचें. या वॉल्टरची सावत्र बहीण डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन. त्या पुढें १८९८ सालीं कॅथोलिक झाल्या, आणि उतारवयांत रावळपिंडी येथें स्त्रियांसाठीं सेंट कॅथरिन रुग्णालय उभारण्यास त्यांनीं पुढाकार घेतला. त्या काळीं आपल्या ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें व्रतस्थ धर्मभगिनींस डॉक्टरकी व बाळंतपणाचें काम करण्यास मनाई होती. ज्या स्त्रिया पुरुषांस दिसावयाच्या नाहींत, त्यांच्यापर्यंत धर्मभगिनींनीं नाहीं जावयाचें तर कोणीं जावयाचें, हा प्रश्न अ‍ॅग्नेसबाईंनीं रोमपर्यंत नेला. त्यांचा १९१३ सालीं अंत झाला. त्यांचेंच कार्य पुढें चालविणाऱ्या डॉ. अ‍ॅना डेंगेल यांनीं १९२५ सालीं वैद्यकीय सेवेसाठीं धर्मभगिनींचा संघ स्थापिला. आणि ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमच्या धर्मप्रसार-मंडळानें ती मनाई उठविली. आज आपल्या धर्मभगिनी प्रसूतिगृहें चालवितात हें आपणांस स्वाभाविक वाटतें. त्यामागें अशा बायांची चिकाटी आहे, हें विसरतां कामा नये.

रखमाबाईंनीं लंडनप्रमाणेंच स्कॉटलंडांतहि परीक्षा दिल्या, आणि १८९४ सालीं ब्रुसेल्सच्या विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी मिळविली. स्वदेशीं परतल्यावर थोडा काळ कामा रुग्णालयांत काम करून १८९५ सालीं त्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाच्या मुख्य म्हणून गेल्या. मुंबई सोडून, परक्या भाषेच्या गांवीं, एकटी स्त्री.

तेथें त्यांच्यापुढें जी अडचण उभी राहिली, ती औषधांच्या तुटीची नव्हती, भीतीची होती. बाळंतपण घरींच व्हावयाचें, सुइणीच्या हातून, बहुधा कोंदट व अंधाऱ्या खोलींत. सुईण सांपडेल त्या सुरीनें नाळ कापी. प्रकरण हाताबाहेर गेलें म्हणजेच रुग्णालयाची आठवण व्हावयाची. आणि इतक्या उशिरां आणलेली बाई पुष्कळदां दगावावयाची. म्हणजे लोकांनीं जें पाहिलें तें खोटें नव्हतें. रुग्णालयांत गेलेली बाई परत येत नाहीं, हा त्यांचा अनुभव होता. त्याचें कारण मात्र त्यांस उमगलें नव्हतें. अशा वेळीं लोकांच्या अज्ञानावर व्याख्यान देऊन कांहीं साधत नाहीं. अनुभवानें बसलेली भीति दुसऱ्या अनुभवानेंच उठवावी लागते.

रखमाबाईंनीं काय केलें याविषयीं एक हकीकत सांगतात. कोणीहि बाई बाळंतपणास येईना, तेव्हां त्यांनीं एक गाभण शेळी रुग्णालयांत आणविली आणि तिची सुखरूप सुटका करून दाखविली. शेळी व करडें धडधाकट आहेत हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि मग एकेक बाई धीर करून येऊं लागली. विलायतेंत पांच वर्षें शिकून आलेली, दोन देशांच्या पदव्या मिळविलेली डॉक्टर शेळीच्या बाळंतपणास बसते, यांत तिला कमीपणा वाटला नाहीं. लोक आहेत तेथपर्यंत तिनें चालत जावयाचें पत्करिलें. धर्मार्थ दवाखाना काढणाऱ्या प्रत्येकानें ही गोष्ट मनांत बाळगण्याजोगी आहे.

परंतु बाई एकदां आली, म्हणजे काम संपत नाहीं. तेथूनच तें सुरू होतें. आलेली बाई जिवंत व समाधानानें परत गेली, तरच दुसरी येते. याबाबत युरोपचा अनुभव बोधप्रद आहे. व्हिएन्ना शहरांतील मोठ्या रुग्णालयांत गरीब स्त्रियांसाठीं मोफत प्रसूतिविभाग होते. त्यांतील ज्या विभागांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तेथें बाळंतज्वरानें इतक्या स्त्रिया मरत कीं, त्या विभागांत नेऊं नका म्हणून बाया रडत विनवण्या करीत. डॉ. सेमेलवाइस यांच्या ध्यानांत आलें कीं, विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनीं बाळंतिणी तपासतात. मे १८४७ मध्यें त्यांनीं क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्यें शेंकडा १८ च्या वर असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या जवळ आलें. यासाठीं नवी इमारत लागली नाहीं कीं नवा निधि लागला नाहीं. तसेंच १८५३ सालीं लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर अडचणींत सांपडलेल्या आजारी स्त्रियांसाठीं एक धर्मार्थ संस्था होती. तिचा कारभार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातीं आला. त्यांनीं प्रत्येक मजल्यावर नळानें गरम पाणी नेलें, जेवण वर चढविण्यासाठीं यांत्रिक पाळणा बसविला, आणि कोणत्या रोग्यानें बोलाविलें हें परिचारिकेस जागच्या जागीं कळावें अशा घंटा लाविल्या. परिचारिकेचे जिने चढण्याउतरण्याचे श्रम वांचले, ते रोग्याच्या उशाशीं खर्ची पडले. संस्थेनें केवळ एकाच पंथाच्या बायांस न घेतां कॅथोलिक व यहुदी स्त्रियांसहि घ्यावें, असाहि त्यांनीं हट्ट धरिला व तो तडीस नेला. दयेची परीक्षा अशा बारीकसारीक गोष्टींत होते.

सुरतेंत रखमाबाई सुमारें बावीस वर्षें राहिल्या. तो काळ गुजराथेस फार कठीण गेला. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला आणि पुढच्याच वर्षीं तो सुरतेपर्यंत पोंचला. १८९९-१९०० सालीं छपन्नाचा भयंकर दुष्काळ पडला. प्लेगच्या दिवसांत सरकारी उपायांविषयीं लोकांच्या मनांत केवढा क्षोभ होता, हें पुणेकरांस सांगावयास नको. १८९७ सालीं पुण्यांत घरोघर सोजीर शिरले, बायाबापड्यांची उघड्यावर तपासणी झाली, आणि त्या संतापांतून २२ जून रोजीं प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. उपाय योग्य असले तरी ज्या हातांनीं ते केले जातात त्या हातांवर लोकांचा विश्वास नसेल, तर उपायच वैरी वाटूं लागतात. अशा काळांत रखमाबाई गांव सोडून गेल्या नाहींत. रोग्यांत राहून त्यांनीं काम केलें. या सेवेबद्दल सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. त्यांचा खरा मान मात्र हा कीं, पुढें सुरतेंतील स्त्री-रुग्णालयास त्यांचेंच नांव मिळालें.

१९१७ च्या सुमारास त्यांस सरकारच्या स्त्री-वैद्यक सेवेंत घेण्याची तयारी दाखविली गेली. तें मानाचें स्थान नाकारून त्या राजकोट संस्थानच्या स्त्री-रुग्णालयांत गेल्या. तेथेंहि त्यांनीं मुख्य डॉक्टर म्हणून काम केलें, आणि रेड क्रॉसची शाखा उभी केली. १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईस परतल्या. १९२९ सालीं त्यांनीं पडद्याच्या चालीविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या पडद्यानें रोगी व डॉक्टर यांच्यामध्यें आड येऊन असंख्य स्त्रियांचे प्राण घेतले, त्याच्याशीं त्यांचा जन्मभर सामना पडला होता. म्हणून त्या लिहिण्यास अनुभवाचें वजन होतें. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण या कार्याची किंमत त्यांनीं तेथें मोजली. त्यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. दादाजी १९०४ सालीं वारले; त्यानंतर रखमाबाई विधवेचें पांढरें लुगडें नेसूं लागल्या, असें सांगतात. ज्या विवाहाला त्यांनीं कोर्टांत नाकारलें, त्याची खूण त्यांनीं अंगावर कां घेतली, हें त्यांचें त्यांनाच ठाऊक. लोकांच्या घरांत शिरून बायांवर उपचार करावयाचे, तर लोकांच्या डोळ्यांत खुपेल असें कांहीं ठेवावयाचें नाहीं, असा विचार त्यांत असेल. किंवा याहून खोल कांहीं असेल. आम्ही त्याचा निवाडा करूं पाहत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, तत्त्वासाठीं तुरुंगांत जावयास निघालेली ही बाई लोकांस तोडून राहिली नाहीं.

या चरित्रावरून आपण काय घ्यावें? एक तर, दवाखान्यास माणूस लागतो, आणि तो टिकून राहणारा लागतो. सुरतेच्या बायांनीं बावीस वर्षें एकच तोंड पाहिलें; पहिल्या बाळंतपणास आलेल्या आईची मुलगीहि पुढें त्याच डॉक्टरणीकडे आली असेल. दर सहा महिन्यांनीं डॉक्टर बदलत असेल, तर औषध कितीहि उत्तम असो, ओळख जुळत नाहीं. आणि ओळखीशिवाय स्त्री आपलें दुखणें सांगत नाहीं. दुसरें, बाई कां आली नाहीं हें तिलाच विचारावें लागतें. दवाखान्याची वेळ तिच्या शेतावर जाण्याच्या वेळेस येते काय, तिला बसावयास आडोसा आहे काय, तिचें नांव मोठ्यानें पुकारलें जातें काय, तिच्या कडेवरच्या मुलास कोण सांभाळतो, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. यांच्याच उत्तरांवर दवाखाना चालतो कीं ओस पडतो. तिसरें, पुढची तारीख सांगितलेली बाई त्या तारखेस आली नाहीं, तर तें कोणाच्या तरी वहींत नोंदलें गेलें पाहिजे, आणि कोणीतरी तिच्या घरापर्यंत गेलें पाहिजे.

आतां बाळंतपणें बहुधा रुग्णालयांतच होतात. तेवढ्यापुरती रखमाबाईंच्या वेळची भीति मावळली आहे. पण स्त्रियांचीं दुखणीं झांकून ठेवण्याची संवय गेलेली नाहीं. रक्त कमी असलें तरी थकवा म्हणून सोडून द्यावयाचें. स्तनांत गांठ लागली, अंगावरून अकालीं जाऊं लागलें, तरी घरच्यांस सांगावयाचें नाहीं. आणि डॉक्टरकडे जावयाचें तें वेळ निघून गेल्यावर. कर्करोगासारखा रोग आरंभींच कळला तर पुष्कळदां बरा होतो, हें आज ठाऊक असूनहि लाजेपायीं कित्येक माता प्राणांस मुकतात. पडदा आतां दारावर नाहीं, जिभेवर आहे. महोत्सवानिमित्त जमलेल्या कुटुंबांस आमचें एवढेंच मागणें कीं, घरीं गेल्यावर प्रत्येकानें आपल्या आईला, पत्नीला, सुनेला तिच्या प्रकृतीविषयीं विचारावें, तिचें उत्तर पुरें ऐकावें, आणि गरज असेल तर तिच्याबरोबर स्वतः दवाखान्यांत जावें.